पोराच्या कंबरेची गादी सरकते तेव्हा

पंधरा-सोळा वर्षांचा पोरगा एका बाजूला कलून चालू लागला, की वस्तीत पहिला शब्द निघतो, "उसण भरली." मग तेल, शेक, हाड बसवणारा. उसण असेल तर आठवड्याभरात उतरते. पण कळ कुल्ल्यातून मांडीमागून पोटरीत उतरत असेल, खोकताना वाढत असेल, तर दोन मणक्यांमधली गादी सरकून नसेवर दाबतेय अशी शंका घ्यावी. अशी पाठ कुणाला तुडवायला देऊ नका.

मुलांत हा आजार क्वचितच, म्हणून उशिरा ओळखला जातो. मोठ्यांची गादी झिजून फाटते. मुलांची गादी ताजी, चिवट असते. ती बऱ्याचदा दणक्याने सरकते. कबड्डीत आपटणे, सुट्टीत हमालीला जाऊन पोते उचलणे. ही चिवट गादी मोठ्यांसारखी सहज आक्रसत नाही, त्यामुळे काही मुलांना गोळ्यांनी उतार पडत नाही. तरी पहिले सहा आठवडे औषध, व्यायाम आणि जड काम बंद, हाच मार्ग. त्यानंतरही कळ हटेना, तर एमआरआय पाहून ऑपरेशनचा विचार होतो.

"कणा कापतात, पोरगं लुळं पडतं," असे आम्ही घरोघरी ऐकतो. प्रत्यक्षात पूर्ण भूल देऊन लहानशा छेदातून नसेवर दाबणारा तुकडा तेवढा काढतात. स्क्रू-पट्ट्या सहसा लागत नाहीत. बहुतेक मुले एक-दोन दिवसांत चालू लागतात. जंतुसंसर्ग, नसेला इजा हे धोके आहेत, पण कमी. काहींना वर्षांनी पुन्हा त्रास होतो, हेही खरे.

लुळेपणा येतो तो बहुधा उशीर केल्याने. मुलाला टाचांवर, मग चवड्यांवर चालायला लावा. पाऊल लोंबत असेल तर लगेच दाखवा. लघवी अडली, नकळत झाली किंवा जांघ बधिर झाली, तर त्याच रात्री सिव्हिल गाठा. मुली हे सांगायला लाजतात, आईनेच विचारावे.

संध्याकाळी ताप, घटते वजन आणि रात्री झोपमोड करणारी पाठदुखी असेल, तर मणक्याचा क्षयही असू शकतो. त्याचे उपचार वेगळे आणि सरकारी औषधे मोफत.

आपले सिव्हिल, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, वैशंपायन मेडिकल कॉलेजला जोडलेले आहे. तिथे अस्थिरोग विभागात दाखवा. ऑपरेशन ठरले तर पैसे भरण्याआधी, कर्ज काढण्याआधी, रेशनकार्ड व आधार घेऊन महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला भेटा आणि हे ऑपरेशन योजनेत बसते का ते विचारा.