चकचकीत रंग मारला अन् मार्क गेले! जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात परीक्षक नेमकं काय बघतात?

यात्रेतल्या जनावरांच्या प्रदर्शनात खिलार खोंड उभा करायचा म्हटलं की मालक त्याला आदल्या दिवशीच धुतो, शिंगं घासतो, झूल चढवतो, गळ्यात घुंगरं बांधतो. पण परीक्षक जाणता असेल तर तो आधी झूल बाजूला सारतो. शिंगांचा बाक, वशिंड, खूर, शेपटी आणि चाल बघतो, तोंड उघडून दात मोजतो. खिलार जातीचं जनावर जसं असायला पाहिजे तसं हे आहे का, एवढंच त्याला ठरवायचं असतं. झुलीला मार्क नसतात.

जुन्या मोटारींच्या प्रदर्शनातही नेमकं हेच चालतं. हे माहीत नसल्यामुळे गावाकडच्या अनेक चांगल्या गाड्या वाया गेल्या आहेत. आजोबांच्या वेळची विलीज जीप, जुनी फियाट, जावा नाही तर राजदूत मोटारसायकल आजही कुठं गोठ्यात, कुठं आंब्याखाली, कुठं कडब्याच्या गंजीमागं उभी असते. घरातल्या पोराला एक दिवस हौस येते. तो गाडी तालुक्याला नेतो, भडक लाल रंग मारून घेतो, रुंद टायर आणि एलईडी दिवे बसवतो. गाडी दिसायला झकास होते. पण जुनी गाडी म्हणून तिची जी काही किंमत होती, ती त्याच गॅरेजमध्ये निम्मी होऊन जाते.

असं का होतं, ते समजून घ्यायला थोडं लांब, अमेरिकेत जावं लागेल. जुन्या गाड्यांना मार्क देण्याची सगळ्यात शिस्तशीर पद्धत तिथं तयार झाली.

चारशे मार्कांचा पेपर

अमेरिकेत अँटिक ऑटोमोबाईल क्लब ऑफ अमेरिका नावाची संस्था आहे. ती १९३५ साली सुरू झाली. पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या हर्शी या गावी तिचं मुख्य ठाणं आहे. हर्शी हे खरं तर चॉकलेटच्या कारखान्याचं गाव. पण १९५५ पासून दर ऑक्टोबरात तिथं जुन्या गाड्यांचा मोठा मेळा भरतो. मेळ्याला लागूनच जुन्या सुट्या भागांचा बाजार लागतो. हजारो जागा मांडलेल्या असतात. कुणी ऐंशी वर्षांपूर्वीच्या गाडीचा कंदील विकतो, कुणी नुसती दाराची मूठ. आपल्याकडच्या आठवडी बाजारात जुन्या लोखंडाची पथारी असते, तसंच ते, फक्त मैलभर पसरलेलं.

या क्लबच्या स्पर्धेत २५ वर्षांपेक्षा जुनी गाडी उतरवता येते. प्रत्येक गाडी सुरुवातीला ४०० मार्क घेऊनच मैदानात येते. परीक्षक मार्क देत नाहीत, कापतात. एक जण बाहेरचं अंग बघतो, एक आतली बैठक, एक इंजिन, एक चासी, आणि या सगळ्यांवर एक प्रमुख असतो. जिथं चूक सापडेल तिथं मार्क वजा होतात. पहिल्या पायरीचं बक्षीस घ्यायचं तर किमान ३६५ मार्क उरले पाहिजेत. त्याच्या वरच्या पायरीला ३७५ लागतात. म्हणजे चारशेतले पस्तीसच्या वर गेले की ते बक्षीस हुकलं.

आता मुद्द्याची गोष्ट. चूक म्हणजे काय? क्लबचा नियम असा, की गाडी कारखान्यातून निघून शोरूमवाल्यानं पहिल्या गिऱ्हाइकाच्या ताब्यात दिली, त्या दिवशी ती जशी होती तशी ती आज पाहिजे. त्यापेक्षा वाईट असेल तर मार्क जातात. आणि त्यापेक्षा चांगली केली तर? त्याला जादा मार्क नाहीत. कारखान्यानं जिथं साधा काळा रंग दिला होता, तिथं क्रोमचा मुलामा चढवला, तर तीही चूकच धरली जाते.

उदाहरणानं सांगायचं तर, फोर्ड कंपनीची मॉडेल टी ही गाडी १९१४ ते १९२५ या काळात फक्त काळ्या रंगात निघायची. मग कुणी १९२० ची मॉडेल टी तांबडी करून आणली, की परीक्षकाला दुरूनच कळतं. दुसरं उदाहरण स्क्रूचं. आडव्या एका खाचेचा स्क्रू जुना आहे. अधिकच्या चिन्हासारखी खाच असलेला स्क्रू मोटारींत १९३६ च्या सुमाराला यायला लागला. १९२८ च्या गाडीच्या दारात असा स्क्रू दिसला, तर तो मागाहून कुणीतरी बसवलाय हे नक्की. तसंच टायरचं. ज्या गाडीला मुळात जुन्या पद्धतीचे टायर होते, तिला आजचे रेडियल घातले की मार्क कापले जातात. रेडिएटरच्या पायपाची पट्टी, बॅटरी, सीटचं कापड, वायरीवरचं वेष्टण, सगळं तपासलं जातं.

हे वाचून कुणी म्हणेल, एवढा कीस कशाला पाडायचा? पण प्रत्येक मालकानं आपल्या सोयीनं थोडं थोडं बदलायचं ठरवलं, तर पन्नास वर्षांनी ती गाडी मुळात कशी होती हे सांगणारी एकही गाडी शिल्लक राहणार नाही. गाडी रोज चालवणाऱ्यांची अडचणही क्लबनं ओळखली आहे. चालवायच्या सोयीसाठी थोडे बदल केलेल्या गाड्यांना तिथं वेगळा वर्ग आहे, आणि जिला कधी हातच लावला नाही अशा मूळ अवस्थेतल्या गाड्यांनाही वेगळा.

मेंबर व्हायला गाडी लागत नाही

आपल्याकडं क्लब म्हटलं की बड्या लोकांचं काम, असा समज आहे. या क्लबात मात्र सभासद व्हायला स्वतःची जुनी गाडी असावी लागत नाही, आवड असली की पुरे. स्पर्धेत गाडी उतरवायची असेल, तर सभासद असावंच लागतं.

सभासदाला काय मिळतं? बिल्ला आणि मासिक हे वरवरचं झालं. खरी कमाई माहितीची असते. क्लबचं स्वतःचं ग्रंथालय आहे. तिथं कंपन्यांची जुनी माहितीपत्रकं आणि सुट्या भागांची पुस्तकं जपून ठेवली आहेत. आपल्या गाडीच्या सीटचं कापड कोणतं होतं, हा वाद परीक्षकाशी झाला, तर कंपनीचा त्या वर्षीचा छापील कागद पुढं ठेवायचा. तोंडी ‘आमच्या आजोबांनी असंच घेतलं होतं’ हे चालत नाही. जमिनीच्या वादात सातबारा लागतो, तसाच हा प्रकार.

परीक्षकही पगारी नसतात. सभासदांतलेच हौशी लोक असतात. पण हौस आहे म्हणून कुणालाही पेन हातात देत नाहीत. आधी परीक्षकांच्या वर्गाला बसायचं, मग जुन्या परीक्षकांबरोबर उमेदवारी करायची, त्यानंतर नाव यादीत येतं. आणि परीक्षकानं गाडीला हात लावायचा नाही, दार किंवा बोनेट मालकानंच उघडून दाखवायचं, असा रिवाज आहे. आणखी एक गोष्ट आपल्या यात्रा कमिट्यांनी घेण्यासारखी आहे. मैदानात उभ्या असलेल्या प्रत्येक गाडीपाशी आग विझवण्याचं नळकांडं असलंच पाहिजे, असा तिथं दंडक आहे.

सगळ्याच प्रदर्शनांचं माप हे नसतं. कॅलिफोर्नियात पेबल बीच इथं १९५० पासून भरणारं प्रदर्शन जगात नावाजलेलं आहे. तिथं सभासदत्वाचा प्रश्न नाही, अर्ज करायचा आणि निवड झाली तरच गाडी न्यायची. तिथं अस्सलपणाबरोबर गाडीचा डौलही बघतात. तरी एक नियम गंमतीचा आहे. दोन गाड्यांचे मार्क सारखे झाले, तर प्रदर्शनाआधीच्या रस्त्यावरच्या फेरीत जी गाडी शेवटपर्यंत चालली, तिला झुकतं माप मिळतं.

२०२४ साली या पेबल बीचला जे झालं, ते रंगाचे डबे घेऊन बसलेल्यांनी जरूर ऐकावं. तिथलं सगळ्यात मोठं बक्षीस वर्षानुवर्षे नव्यासारख्या करून आणलेल्या लखलखीत गाड्यांना जायचं. त्या वर्षी ते १९३४ च्या एका बुगाटी गाडीला मिळालं. ही गाडी एके काळी बेल्जियमचे राजे तिसरे लिओपोल्ड यांच्याकडं होती. तिचा रंग जुना, जागोजागी झिजलेला. तो कुणी खरवडून काढला नव्हता. नव्यानं न सजवता जपलेल्या गाडीला तिथलं पहिलं बक्षीस मिळण्याची ही पहिलीच वेळ होती.

आपल्याकडं काय?

भारतात जुन्या गाड्यांचे मेळे नवे नाहीत. स्टेट्समन या वर्तमानपत्राची रॅली १९६४ पासूनची आहे. मुंबईत व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडिया आहे. जानेवारी २०२३ मध्ये बडोद्याला गायकवाडांच्या लक्ष्मीविलास राजवाड्यात मोठं प्रदर्शन भरलं होतं, त्यात संस्थानिकांच्या गाड्यांची रांग होती. पण संस्थानिकांकडं गाडी सांभाळायला माणसं होती. प्रश्न आपल्या जीपचा आहे.

आधी एक घोळ मिटवू. ‘व्हिंटेज’ हा शब्द दोन अर्थांनी चालतो. क्लबवाल्यांच्या वर्गवारीत साधारण १९१९ ते १९३० मधली गाडी म्हणजे व्हिंटेज. त्यांच्या हिशेबानं आपली जीप व्हिंटेज नव्हे. सरकारी व्याख्या मात्र वेगळी आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानं जुलै २०२१ मध्ये काढलेल्या नियमानुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली, मूळ रूपातली दुचाकी किंवा चारचाकी व्हिंटेज धरली जाते. नव्या नोंदणीची फी २० हजार रुपये, मुदत १० वर्षं, पुढच्या नोंदणीला ५ हजार. नव्यानं नोंदणी होणाऱ्या गाडीला ‘व्हीए’ अक्षरांचा नंबर मिळतो. जिची नोंदणी आधीपासून आहे, तिला आपला जुना नंबर ठेवता येतो. अशी गाडी प्रदर्शनाला, रॅलीला, पेट्रोल भरायला किंवा दुरुस्तीला रस्त्यावर आणता येते. रोजच्या वापराला किंवा भाड्याला नाही. म्हणजे दूध घालायला न्यायची असेल, तर या नोंदणीच्या नादी लागू नये.

या नियमातले ‘मूळ रूपातली’ हे दोन शब्द गावाकडच्या गाड्यांना नडतात. चासी, बॉडी किंवा इंजिन यात मोठा फेरबदल झालेला नसावा, असं नियम म्हणतो. आता आपल्याकडच्या जीपचं काय झालंय, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पेट्रोल परवडेना म्हणून मूळ इंजिन उतरवून डिझेल बसवलं. वडापला लावली तेव्हा जास्त माणसं बसावीत म्हणून मागची बॉडी वाढवली. त्यात कुणाचा दोष नाही. त्या जीपनं घर चालवलं, पोरं शिकवली. पण प्रदर्शनाच्या मैदानात त्या गाडीची बाजू लंगडी पडते, हेही खरं.

तरी सगळं संपलेलं नसतं. उतरवलेलं मूळ इंजिन कित्येकदा त्याच घराच्या पडवीत पोत्याखाली पडलेलं असतं. भंगारवाला ते किलोवर मागतो. ते द्यायच्या आधी त्यावरचा नंबर आरसी बुकाशी ताडून बघावा. जुळला, तर तो लोखंडाचा गोळा राहत नाही, गाडीचा अर्धा पुरावा होतो. चासी नंबर गंजानं बुजला असेल, तर तो घासून नव्यानं ठोकायचा उद्योग कुणाच्याही सांगण्यावरून करू नये. ठोकलेला नंबर दिसला की चोरीचा संशय येतो, आणि मग प्रदर्शन राहिलं बाजूला. रॉकेलच्या बोळ्यानं हलक्या हातानं पुसावा, वर कागद धरून पेन्सिलीनं छाप घ्यावा. आरटीओच्या कामात ही पद्धत नवी नाही.

फियाटवाल्यांनी नावाची अक्षरं बघावीत. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली ही गाडी आधी फियाट म्हणून निघायची, १९७२ मध्ये ती प्रेसिडेंट झाली आणि १९७४ मध्ये पद्मिनी. गाडी १९६८ ची आणि मागं अक्षरं पद्मिनीची, असा प्रकार सर्रास दिसतो, कारण मेकॅनिकनं मिळेल ते बसवलेलं असतं. जावाचंही तसंच. म्हैसूरच्या कारखान्यात पुढं येझदी निघायला लागली, आणि गावोगावी जावाच्या सांगाड्यावर येझदीचे भाग चढले. कोणता भाग कुणाचा, हे सांगणारा म्हातारा मिस्त्री तालुक्यात अजून असेल, तर गाडी त्याला आधी दाखवावी, रंगाऱ्याला मागाहून. सुटे केलेले जुने भाग कितीही मोडके असले तरी पोत्यात भरून ठेवावेत. नवा भाग घडवायचा झाला, तर नमुना म्हणून तेच लागतात.

आणि मूळ रंग कोणता होता, हा प्रश्न नेहमी अडतो. लग्नाच्या अल्बममध्ये गाडीचा फोटो असतो, पण तो काळा-पांढरा. दिवे कुठं होते, टप कसा होता, एवढं त्यावरून कळतं, रंग कळत नाही. त्यासाठी डॅशबोर्डच्या आतली बाजू, सीटखालचा पत्रा, नंबर प्लेटच्या मागची जागा बघायची. गाडी चार वेळा रंगवली असली, तरी रंगाऱ्याचा हात तिथवर सहसा पोचलेला नसतो. तिथला टवका दिसला की तो खरवडू नका, उजेडात त्याचा फोटो काढून ठेवा.