मनकवड्याचे उत्तर

‘मनकवडा’ हा मराठीतला मोठा गोड शब्द आहे. न सांगता दुसऱ्याच्या मनातले ओळखणारा, तो मनकवडा. आई मनकवडी असते, घरातला जुना गडी मनकवडा असतो, आणि क्वचित एखादा कापडाचा दुकानदारही. त्यांना आपण कधी विचारीत नाही की, बाबा रे, तुला हे कळले कसे? परंतु तोच मनुष्य काळा कोट घालून रंगमंचावर उभा राहिला आणि आपल्या मनातला आकडा सांगू लागला, की आपल्या ओठांवर पहिला प्रश्न तोच येतो. श्रोतेहो, आज मला त्या प्रश्नाविषयी, किंबहुना त्याला दिल्या जाणाऱ्या उत्तरांविषयी बोलायचे आहे.

काही वर्षांपूर्वी जयपूरला तेथील मराठी कुटुंबांच्या गणेशोत्सवात मी पाहुणा म्हणून गेलो होतो. एका संध्याकाळी मनातले ओळखण्याचा खेळ होता. खेळ करणारा तरुण पंचविशीचा असेल. त्याने एका वहिनींना बालपणीच्या मैत्रिणीचे नाव मनात आणावयास सांगितले आणि पाटीवर तेच नाव लिहून दाखविले. एका निवृत्त अभियंत्यांनी मनात धरलेली तारीख ओळखली. टाळ्या झाल्या, आरती झाली, प्रसाद वाटला गेला, आणि मग त्याच्याभोवती घोळका जमला. अभियंते म्हणाले, “अहो, यंत्र कुठे लपविले आहे तेवढे सांगा.” मुले त्याच्या बाह्या चाचपू लागली. तो नुसता हसत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तेथील जंतरमंतर पाहिले. आपल्याकडे गारुडी आणि जादूगार जो शब्द पोरांना भुलविण्यासाठी उच्चारतात, तोच या वेधशाळेच्या कपाळी आला आहे, ही गंमतच. ‘जंतर’ म्हणजे यंत्र. सवाई जयसिंहाने अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात उभारलेल्या या दगडी यंत्रांत झाकलेले असे काहीच नाही. सुमारे २७ मीटर उंचीच्या सम्राट यंत्राची सावली सेकंदाला जवळजवळ एक मिलिमीटर सरकते, आणि उन्हात उभे राहून ती चालताना डोळ्यांनी पाहता येते. रीत ठाऊक झाली म्हणून नवल तिळमात्र उणे होत नाही. रात्रीच्या खेळाचे तसे नव्हते. तिथे रीत कळली की हाती उरतो तो एक कागदाचा कपटा किंवा आधी ठरवलेला शब्द, आणि प्रेक्षक चिडतो की, एवढ्यासाठीच का मी थक्क झालो? म्हणून गुप्तता हा या धंद्याचा लहरीपणा नव्हे. त्याचे भांडवलच ते आहे.

हे भांडवल राखण्याचा जुना आणि मला सर्वांत आवडणारा मार्ग म्हणजे उत्तर शब्दांनी न देणे. पॅरिसचा प्रख्यात जादूगार रॉबेर-उदँ १८४६ पासून आपल्या मुलाला घेऊन ‘दिव्यदृष्टी’चा खेळ करीत असे. बाप प्रेक्षकांत हिंडून एखादी वस्तू हातात घेई आणि रंगमंचावर डोळे बांधून बसलेला मुलगा तिचे वर्णन करी. चाणाक्ष प्रेक्षकांनी ताडले की, बापाच्या प्रश्नातच संकेत आहे. रॉबेर-उदँने वाद घातला नाही. त्याने बोलणे सोडून नुसती घंटा वाजविण्यास सुरुवात केली. मग लोक घंटेवर संशय घेऊ लागले, तेव्हा त्याने घंटाही बाजूला ठेवली, आणि मुलगा तरीही सांगत राहिला. शंका घेणारा प्रेक्षक हा कलावंताचा शत्रू नसतो, त्याच्याकडून चांगले काम करून घेणारा मुकादम असतो, असे हा प्रसंग वाचताना माझ्या मनात येते.

सर्वांना हे जमत नाही. झान्सिग पतिपत्नींनी १९०६ मध्ये लंडन गाजविले. दोघांच्या मनांत एकच विचार वाहतो अशी त्यांची जाहिरात होती, आणि कसे ते विचारले की ते लोकांना काय हवे ते मानू देत. परिणाम असा झाला की, शेरलॉक होम्ससारखा चिकित्सक गुप्तहेर ज्यांच्या लेखणीतून उतरला, त्या आर्थर कॉनन डॉईल यांनीही हे खरे विचारसंक्रमण आहे अशी ग्वाही दिली. पुढे १९२० नंतरच्या दशकात झान्सिग महाशयांनी स्वतःच आपल्या संकेतांची पद्धत वृत्तपत्रातून प्रसिद्ध केली. अमेरिकेचे डनिंजर यांची तऱ्हा निराळी. हे तर लहान मुलालाही येईल, मात्र त्याला काही दशके सराव करावा लागेल, अशा अर्थाचे ते बोलत. आणि प्रेक्षकांत आपले हस्तक बसविलेले आहेत असे सिद्ध करणाऱ्यास त्यांनी मोठे इनाम लावले होते. यातली खुबी लक्षात घ्या. हस्तक नाहीत एवढेच ते सांगत. मग काय आहे, हा प्रश्न इनामाच्या झगमगाटात विरून जाई.

नभोवाणीच्या श्रोत्यांना आणखी एक जोडपे जवळचे वाटेल. सिडनी पिडिंग्टन हा ऑस्ट्रेलियन सैनिक सिंगापूर पडल्यावर जपान्यांच्या चांगी येथील बंदिवासात सापडला, आणि तिथे सोबत्यांचे मन रमविण्यासाठी त्याने हा खेळ रचला. युद्धानंतर तो पत्नी लेस्लीसह इंग्लंडला आला. १९४९ मध्ये बी.बी.सी.वरून लक्षावधी लोकांनी त्यांचे कार्यक्रम ऐकले. एकदा लेस्लीला लंडनच्या प्राचीन किल्ल्यात, ज्याला टॉवर म्हणतात तिथे, बसविले होते आणि सिडनी स्टुडिओत होता. तरी निवडलेले वाक्य तिने सांगितले. हे विचारसंक्रमण आहे की युक्ती, असे विचारले की त्यांचे उत्तर ठरलेले: निवाडा तुम्हीच करा. यात खोटे काही नाही, खरेही काही नाही. करमणूक म्हणून मला ते नामी वाटते. परंतु दार अर्धे उघडे ठेवले की आत कोण शिरेल याचा नेम नसतो.

हे शिरणारे केवळ भोळे असतात असेही नव्हे. जयपूरच्याच राजस्थान विद्यापीठात १९६० नंतरच्या दशकात परामानसशास्त्राचा विभाग होता. हेमेंद्रनाथ बॅनर्जी तिथे पूर्वजन्माच्या स्मृती सांगणाऱ्या मुलांचा अभ्यास करीत. त्याच्या कितीतरी आधी अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात ऱ्हाईन यांनी पाच चिन्हांच्या २५ पत्त्यांवर प्रयोग आरंभिले होते. नुसत्या अंदाजाने त्यांतले सरासरी पाच जुळतात. त्याहून सातत्याने अधिक जुळले, तर काही निराळे घडते आहे असा तर्क. टीकाकारांनी दाखवून दिले की, आरंभीच्या काही पत्त्यांवरची चिन्हे पाठीमागूनही ओळखू येत. चोरवाट कुठे असते हे विद्वानापेक्षा जादूगाराला अधिक कळते, कारण त्याचा प्रपंच तिच्यावरच चालतो.

अलीकडे अर्धे दार बंद करण्यासाठी एक नवेच उत्तर रूढ झाले आहे: ‘यात अद्‌भुत काही नाही, मी तुमच्या चेहऱ्यावरचे सूक्ष्म भाव वाचतो.’ हे ऐकायला शास्त्रीय वाटते, आणि क्वचित त्यात अंशतः तथ्यही असते. परंतु भुवईच्या हालचालीवरून मैत्रिणीचे नाव कळत नाही. पुष्कळदा हे स्पष्टीकरण म्हणजे खेळाचाच एक भाग असतो. देवाची कृपा सांगितली काय किंवा मानसशास्त्र सांगितले काय, ऐकणारा खोटे शिकूनच घरी जातो. उद्या तो मुलाखतीला आलेल्या उमेदवाराचे डोळे पाहून त्याला लबाड ठरवील, त्याचे काय? त्यापेक्षा इंग्लंडचे डेरेन ब्राऊन यांची पद्धत बरी. सूचना आणि मानसशास्त्र यांच्याबरोबर जादू, नजर चुकविणे आणि नाटकीपणा यांचीही नावे ते आधीच घेऊन टाकतात.

महाराष्ट्रात हा प्रश्न २०२३ च्या जानेवारीत ऐरणीवर आला. नागपूरला एका प्रसिद्ध कथावाचकांच्या दरबारात भक्तांच्या मनातले कागदावर उतरते, असे सांगितले जात होते. अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे श्याम मानव यांनी ते आपल्या अटींवर सिद्ध करण्याचे आव्हान देऊन ३० लाख रुपयांचे इनाम लावले. कायद्याचा भंग झालेला नाही, असा निर्वाळा पुढे पोलिसांनी दिला. त्याच दिवसांत उदयपूरला जन्मलेल्या आणि सातव्या वर्षापासून रंगमंचावर असलेल्या सुहानी शाह यांना दूरचित्रवाणीवर बोलाविण्यात आले. त्यांनी समोरच्यांच्या मनातली नावे सांगितली, आणि ही कला आहे, चमत्कार नव्हे, असे स्पष्ट म्हटले. रीत मात्र सांगितली नाही. गुपित राखणे आणि खोटे बोलणे या दोन गोष्टी एकच नव्हेत, हे इतक्या थोडक्यात दाखविलेले मी क्वचितच पाहिले आहे.

तरीही एक अडचण उरते, आणि ती मला जयपूरच्या त्या संध्याकाळीच दिसली होती. घोळका पांगल्यावर एक आजी त्या तरुणापाशी आल्या. सत्तरी ओलांडलेल्या, हातात प्रसादाची पुडी. म्हणाल्या, “बाळा, माझा धाकटा अकरा वर्षांपूर्वी घरातून गेला. कुठे आहे तेवढं बघ.”

तो खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसला. “आजी, ते मला दिसत नाही. कुणालाच दिसत नाही. मी करतो तो खेळ आहे.”

“मग मघाशी वहिनींच्या मैत्रिणीचं नाव कसं दिसलं?”

त्याला उत्तर सुचेना. सुचणार तरी काय? इतका वेळ ज्या गुपिताने त्याला टाळ्या मिळवून दिल्या, तेच आता त्याच्या खऱ्या बोलण्यावरचा विश्वास उडवीत होते. आजींच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होते की, याला ठाऊक आहे, पण हा सांगत नाही. वाईट बातमी असेल म्हणून लपवितो आहे. त्यांचे डोळे भरून आले.

तरुणाने एकवार आमच्याकडे पाहिले, आमच्याकडे पाठ केली आणि पाटी मांडीवर घेतली. पाच मिनिटे तो हलक्या आवाजात काही सांगत होता, हातांनी काही दाखवीत होता. आजींनी एकदा पाटी स्वतःच्या हातात घेऊन पाहिली. मग त्या उठल्या, त्याच्या डोक्यावरून हात फिरविला आणि सुनेला म्हणाल्या, “चल गं, खरंच खेळ आहे तो.”

घरी परतताना गाडीत मी त्यांच्या शेजारी होतो. माझे कुतूहल आवरेना. त्याने काय दाखविले, असे मी विचारलेच. आजींनी पुडी उघडून माझ्या हातावर साखरफुटाणे ठेवले आणि म्हणाल्या, “ते नाही हो सांगायची. शब्द दिलाय मी त्याला.”