आधी क्षय की आधी एचआयव्ही?

क्षयरोग आणि एचआयव्ही एकाच रुग्णाला जडले, तर उपचार आधी कशावर करावेत? वीस वर्षांपूर्वी या प्रश्नाने आम्हा डॉक्टरांना फार छळले. क्षयाची औषधे सहसा सहा महिने घ्यावी लागतात. त्यांतील रिफाम्पिसिनमुळे एचआयव्हीवरील काही औषधांचा प्रभाव उणावतो; गोळ्या वाढतात, यकृतावर ताण येतो. शिवाय एचआयव्हीच्या उपचारांनी प्रतिकारशक्ती एकाएकी जागी झाली, की क्षयाची लक्षणे काही काळ उफाळून येऊ शकतात. म्हणून ‘आधी क्षय बरा होऊ द्या’ हा सल्ला शहाणपणाचा वाटे.

या थांबण्याची किंमत मोजली ती दक्षिण आफ्रिकेतील दरबान येथे डॉ. सलीम अब्दुल करीम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. दोन्ही रोग असलेल्या ६४२ रुग्णांचे त्यांनी तीन गट केले. क्षयाचे उपचार सर्वांना लगेच मिळाले. एचआयव्हीची औषधे मात्र पहिल्या गटाला आरंभीच, दुसऱ्याला क्षयोपचाराचा सुरुवातीचा तीव्र टप्पा संपल्यावर आणि तिसऱ्याला क्षयाचे उपचार पूर्ण झाल्यावर मिळणार होती.

सप्टेंबर २००८ मध्ये तिसऱ्या गटाची प्रतीक्षा थांबवावी लागली, कारण त्या गटात मृत्यू अधिक होत होते. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, दोन्ही उपचार एकत्र घेणाऱ्यांतील मृत्युदर ५६ टक्क्यांनी कमी होता. सावधपणा म्हणून आपण जे करत होतो, तेच रुग्णांच्या जिवावर बेतत होते, हे स्वीकारणे कोणत्याही डॉक्टरला सोपे नव्हते.

आज जागतिक आरोग्य संघटना क्षयोपचार सुरू झाल्यापासून दोन आठवड्यांत एचआयव्हीची औषधे सुरू करण्यास सांगते. क्षय मेंदूच्या आवरणाला झाला असेल, तर मात्र काही आठवडे थांबतात.

आपल्या घरासाठी यातून काय घ्यावे? क्षयाचे निदान झाले, तर एचआयव्हीची तपासणी अवश्य करावी. एचआयव्ही असलेल्या व्यक्तीला खोकला, ताप, रात्रीचा घाम वा वजनातील घट जाणवली, तर क्षयाची तपासणी लांबवू नये. दोन्ही रोगांची औषधे सरकारी केंद्रांत विनामूल्य मिळतात. उपचारांदरम्यान ताप वा गाठी वाढल्या, तरी गोळ्या परस्पर बंद न करता डॉक्टरांना भेटावे.

माझ्या दवाखान्यात आजही क्षय शेजाऱ्यांपासून लपवला जातो आणि एचआयव्ही घरच्यांपासूनही. दरबानच्या संशोधनाने औषधांमधला विलंब दूर केला. संकोचामुळे होणारा विलंब आपल्यालाच दूर करायचा आहे.