चारही चाकांना चाल देणारी गाडी : बिघाड कसा ओळखावा?

डोंगराळ भागातील गावे पावसाळ्यात मोठ्या रस्त्याशी जोडून ठेवण्याचे काम पुष्कळदा चारही चाकांना शक्ती पोहोचविणारी गाडीच करते. दुसऱ्या महायुद्धात जीपने हा गुण जगाला दाखविला. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतच मुंबईत तिची जुळणी होऊ लागली. पुढे १९८५ साली जिप्सी आणि २०१० साली थार या गाड्या आल्या. बी-खते, दुधाचे कॅन आणि प्रसंगी आजारी माणूसही अशाच गाडीतून तालुक्याला जातो. म्हणून तिच्यातील दोष वेळीच ओळखता येणे अगत्याचे आहे. निदान चुकले की आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशी गत होते. चांगला गीअरबॉक्स खोलला जातो, पैसा खर्च होतो आणि दोष जागच्या जागी राहतो.

शक्तीचा मार्ग

इंजिनाची शक्ती क्लचमधून गीअरबॉक्समध्ये आणि तेथून ट्रान्सफर केसमध्ये येते. येथे तिच्या दोन वाटा होतात. एक प्रॉपेलर शाफ्ट मागच्या डिफरन्शिअलकडे व दुसरा पुढच्या डिफरन्शिअलकडे जातो. डिफरन्शिअलमधून एक्सलचे दांडे चाकांना फिरवितात. आवाज केव्हा येतो, हा निदानातील पहिला प्रश्न होय. तो इंजिनाच्या गतीबरोबर वाढतो की गाडीच्या गतीबरोबर, वळताना येतो की सरळ जाताना, हे आधी ठरवावे. हत्यारे त्यानंतर हाती घ्यावीत.

क्लच व गीअरबॉक्स

इंजिनाची गती वाढते पण गाडी त्या मानाने पुढे सरकत नाही व करपल्याचा वास येतो, तेव्हा क्लच घसरत आहे असे समजावे. इंजिन बंद असता गीअर सहज पडतो, परंतु चालू असता करकरतो, तर क्लच पुरता सुटत नाही. अशा वेळी गीअरबॉक्सला दोष देऊ नये.

गाडी उभी, गीअर न्यूट्रल आणि इंजिन चालू असता घरघर ऐकू येते व क्लच दाबताच थांबते, तर गीअरबॉक्सच्या पुढील बेअरिंगचा संशय घ्यावा. उलट क्लच दाबल्यावरच आवाज सुरू होत असेल, तर क्लचचे रिलीज बेअरिंग पाहावे.

शाफ्ट, सांधे व डिफरन्शिअल

१. गाडी सुटताना किंवा मागे घेताना ‘खट्’ असा आवाज येणे : बहुधा युनिव्हर्सल जॉइंटचा क्रॉस झिजलेला असतो. गाडी सपाट जागी उभी करून इंजिन बंद करावे, चाकांना दगड लावावेत आणि गीअर न्यूट्रल ठेवून शाफ्ट हाताने पिळून पाहावा. सांध्यात ढिलेपणा लगेच कळतो.

२. ठरावीक वेगाला गाडी थरथरणे : शाफ्टला वाळलेला चिखल चिकटला आहे काय, हे प्रथम पाहावे. नंतर शाफ्टचा तोल व चाकांचा तोल तपासून घ्यावा.

३. पूर्ण वळण घेताना पुढून ‘कट् कट्’ येणे : पुढील चाकाजवळचा सांधा झिजला आहे. त्यावरील रबरी आवरण फाटले असल्यास ग्रीस उडून जाते व माती आत शिरते.

४. ॲक्सिलरेटर दाबल्यावर व सोडल्यावर बदलणारा रडका आवाज : हा डिफरन्शिअलच्या दात्यांचा असतो. ॲक्सिलरेटरने न बदलणारी, पण गाडी डावी-उजवीकडे झुकताच कमी-अधिक होणारी घुमघुम मात्र चाकाच्या बेअरिंगची असते.

वंगण बोलते

ओढा पार केल्यानंतर गीअरबॉक्स, ट्रान्सफर केस व दोन्ही डिफरन्शिअल यांतील तेल अवश्य पाहावे. ते दुधाळ दिसल्यास पाणी शिरले आहे व तेल बदलणे भाग आहे. चुंबकी बुचावरील बारीक करडा लेप नेहमीचा असतो, धातूचे तुकडे मात्र धोक्याची सूचना देतात.

दोष नव्हे, चुकीचा वापर

जीपसारख्या गाड्यांत लीव्हर घातल्यावर पुढचा व मागचा शाफ्ट एकाच गतीने फिरतात. वळताना पुढच्या चाकांना अधिक अंतर कापावे लागते. चिखलात चाके घसरून हा फरक भरून निघतो. डांबरी रस्त्यावर तसे होत नाही. मग सर्व सांध्यांत पीळ साठतो, स्टिअरिंग जड होते आणि लीव्हर अडकतो. सुरक्षित जागा पाहून गाडी थोडी सरळ मागे घेतल्यास पीळ सुटतो. डांबरी रस्ता लागताच लीव्हर काढून घेणे, हाच यावरचा खरा उपाय होय.

ज्या गाड्यांत चारही चाके सदैव चालतात, त्यांत एकच नवा टायर बसवू नये. घेर कमी-जास्त झाल्याने मधली जोडणी तापून निकामी होते.

लीव्हर घातल्यावर पुढचा शाफ्ट फिरतो, पण पुढची चाके ओढत नाहीत, तर प्रथम चाकांचे हब जोडलेले आहेत काय ते पाहावे. ते ठीक असल्यास एक्सलचा दांडा तुटल्याचा संभव असतो.

जिवाची काळजी

लीव्हर घातलेला असता एखादे चाक जॅकवर ठेवून इंजिनाने गाडी फिरवू नये. जमिनीवरील चाके ओढ घेतात व गाडी जॅकवरून पडते. ट्रान्सफर केस न्यूट्रलमध्ये असता गीअर टाकून ठेवला तरी गाडी थांबून राहत नाही. तसेच जुन्या जीपच्या अनेक नमुन्यांत हातब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसमागच्या शाफ्टवर असतो. मागचा प्रॉपेलर शाफ्ट तुटला, तर मागच्या चाकांवरील हातब्रेकची पकडही जाते. म्हणून घाटात सांध्यांची खटखट ऐकूनही गाडी हाकणे म्हणजे संकट ओढवून घेणे होय. चढावर गाडी उभी करताना चाकांमागे दगड ठेवण्यास चुकू नये.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी पावसाळ्यापूर्वी गावातील अशा प्रत्येक गाडीची तपासणी करवून घ्यावी. कोणता आवाज, कोणत्या वेगाला व कोणत्या वेळी येतो, हे चालकाने वहीत टिपून ठेवावे. मेकॅनिकला ही नोंद दाखविल्यास गाडी नाहक खोलण्याचा खर्च पुष्कळदा वाचेल आणि ऐन पेरणीत ती कामास येईल.