शाळेच्या ग्रंथालयातून पुस्तक काढायचे, तर कोणी आणि कोणत्या कारणाने?

वादग्रस्त पुस्तक मुलांच्या हाती पडू नये म्हणून ते शाळेच्या ग्रंथालयातूनच काढून टाका, अशी मागणी अनेक देशांत होत असते. मागणी करणाऱ्या पालकांची काळजी खोटी असते असे नाही. पण पुस्तके काढण्याचा अधिकार एकदा कोणाच्या हाती दिला की पहिला घाव कोणाच्या पुस्तकांवर पडतो, हे आपण आंबेडकरी समाजाने नीट समजून घेतले पाहिजे. त्यासाठी अमेरिकेतील एक खटला पाहू.

न्यूयॉर्क राज्यातील आयलंड ट्रीज येथील शाळा मंडळाने १९७६ साली काही पुस्तके ग्रंथालयातून काढण्याचा आदेश दिला. ती अमेरिकाविरोधी, ख्रिस्तीविरोधी, ज्यूविरोधी आणि घाणेरडी आहेत, असे मंडळाचे म्हणणे होते. त्या यादीत रिचर्ड राइट यांचे 'ब्लॅक बॉय' हे आत्मचरित्र होते. लँग्स्टन ह्यूज यांनी संपादित केलेला कृष्णवर्णीय लेखकांचा कथासंग्रह होता. नशेच्या विळख्यात सापडलेल्या १३ वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलावरची ॲलिस चिल्ड्रेस यांची किशोर कादंबरी होती. ज्या ब्लॅक पँथरवरून १९७२ साली मुंबईत दलित पँथरने नाव घेतले, त्या संघटनेचे नेते एल्ड्रिज क्लीव्हर यांचे 'सोल ऑन आइस'ही होते. यादीत गोऱ्या लेखकांची पुस्तकेही होती. पण शोषितांचे जगणे सांगणारी इतकी पुस्तके एकाच यादीत यावीत, हा आम्हाला योगायोग वाटत नाही.

पुढे मंडळाने पालक आणि शिक्षकांची समिती नेमली. समितीने काही पुस्तके ठेवण्याची शिफारस केली, पण मंडळाने ती बहुतांशी धुडकावली. 'ब्लॅक बॉय' पालकांच्या परवानगीनेच मिळेल, असे ठरवले. स्टीव्हन पिको हा विद्यार्थी इतर काही विद्यार्थ्यांसह न्यायालयात गेला. १९८२ साली सर्वोच्च न्यायालयात ५ विरुद्ध ४ मतांनी विद्यार्थ्यांच्या बाजूने निकाल लागला. न्यायमूर्ती ब्रेनन यांचे म्हणणे असे की, केवळ विचार आवडत नाहीत म्हणून मंडळाला ग्रंथालयातील पुस्तक काढता येणार नाही. ते शैक्षणिकदृष्ट्या अयोग्य असेल तर गोष्ट वेगळी. मात्र पाच न्यायमूर्तींचे एकमताचे निकालपत्र झाले नाही, त्यामुळे तेथील वाद पुरता मिटलेला नाही.

ब्रेनन यांनी केलेला एक फरक आपल्यालाही उपयोगी आहे. पाठ्यपुस्तक सक्तीचे असते, ग्रंथालयातील पुस्तक मूल स्वतः निवडते. २०१२ साली बाबासाहेबांवरील व्यंगचित्रावरून संसदेत वादळ उठले, ते एनसीईआरटीच्या अकरावीच्या पाठ्यपुस्तकातील होते. वर्गात सर्वांसमोर ठेवायच्या मजकुराची कसोटी कडकच असली पाहिजे. तीच कसोटी ग्रंथालयाच्या प्रत्येक कपाटाला लावता येत नाही.

बंदीच्या मागणीची झळ आपण स्वतः सोसली आहे. १९८७ साली महाराष्ट्र शासनाने बाबासाहेबांचे 'रिडल्स इन हिंदुइझम' प्रसिद्ध केले, तेव्हा राम आणि कृष्णावरील भाग वगळा, अशी मागणी झाली. ग्रंथाच्या प्रती जाळल्या गेल्या. १९८८ साली मुंबईत लाखोंचा मोर्चा निघाला. शेवटी मजकूर कायम राहिला आणि त्यातील मतांशी शासन सहमत नसल्याची टीप जोडण्यात आली. पुस्तक न काढताही तोडगा निघू शकतो, हे त्यातून दिसले.

मग मुलांना काहीही वाचू द्यायचे का? नाही. पहिलीतले मूल आणि दहावीतले मूल यांचे कपाट वेगळे असावे. तक्रार लेखी असावी. शिक्षक, ग्रंथपाल आणि पालक यांच्या समितीने पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचावे, निर्णयाची कारणे लिहून द्यावीत आणि निर्णय होईपर्यंत पुस्तक जागेवरच राहावे. एखाद्या जुन्या पुस्तकात आपल्या समाजाला हिणवणारे शब्द असतील, तर ते लहानांच्या हाती नको. मोठ्या मुलांनी मात्र शिक्षकांबरोबर ते वाचून असे का लिहिले गेले हे विचारावे.

'आमच्या भावना दुखावल्या' एवढेच कारण पुरेसे ठरले, तर आज आपल्याला न आवडणारे एखादे पुस्तक जाईल. उद्या त्याच कारणाने जोतीराव फुल्यांची 'गुलामगिरी' जाईल आणि भाषा शिवराळ आहे म्हणून दया पवारांचे 'बलुतं'ही जाईल. म्हणून आपल्या गावच्या शाळेत असा वाद निघाला, तर आधी एवढेच विचारू या: हे पुस्तक पूर्ण वाचले कोणी?