आडात आहे, पण पोहऱ्यात का नाही?

म्हैसूरहून बंगळुरूला किंवा वेल्लोरला नेऊन मुलाचं बोन मॅरो ट्रान्सप्लांट केलं, चार-सहा महिने बरे गेले आणि एका साध्या तपासणीत हिमोग्लोबिन ६ वर आलं, की घरात पहिला उद्गार ठरलेला: ट्रान्सप्लांट फसलं! हा निष्कर्ष पुष्कळदा घाईचा ठरतो. दात्याच्या पेशी टिकल्या नसतील तर ते कायमेरिझम तपासणीत कळतं. स्वप्रतिकारक अॅनिमियात, म्हणजे अँटिबॉडी स्वतःच्याच लाल पेशी तोडतात तेव्हा, मात्र पेशी १०० टक्के दात्याच्या असू शकतात. कोवळ्या लाल पेशी बहुधा वाढलेल्या, डोळे पिवळे, लघवी गडद आणि कूम्ब्ज चाचणी पॉझिटिव्ह. आडात पाणी आहे, पोहऱ्याला भोक पडलंय.

मग शंका येते, की प्रतिकारशक्तीही दात्याची आणि रक्तपेशीही दात्याच्याच, तर वैर कसलं? आणि दाता असलेली बहीण ठणठणीत कशी? तिची प्रतिकारशक्ती जशीच्या तशी मुलात येत नाही. ती मुलाच्या थायमसमध्ये नव्याने घडते आणि हा थायमस केमोने दुखावलेला असतो. अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशी आधी सावरल्या आणि त्यांना लगाम घालणाऱ्या मागे राहिल्या, की गोंधळ होतो. कॅन्सर नसलेल्या आजारांसाठी केलेल्या ट्रान्सप्लांटनंतर ही शक्यता अधिक असते. म्हणून थॅलेसेमिया आणि सिकलसेलच्या मुलांच्या घरी, मग ते म्हैसूर जिल्ह्यातल्या हेग्गडदेवनकोट्याला असो की गडचिरोलीला, हे माहीत असायला हवं.

'रक्त चढवलं की झालं' हा समज अर्धवट आहे, कारण चढवलेल्या पेशीही तुटतात. पण 'एकही पिशवी मॅच होत नाही, म्हणजे रक्त देताच येत नाही' हा त्याहून घातक. ही अँटिबॉडी बहुतेक प्रत्येक पिशवीशी भिडते. जिवावर बेतलं तर त्यातल्या त्यात कमी विसंगत रक्त, लक्ष ठेवून, द्यावंच लागतं. गावातल्या ब्लड बँकेत जन्मापासूनचा रक्तगट सांगणंही पुरेसं नाही. ट्रान्सप्लांटनंतर गट बदललेला असू शकतो आणि पिशवी इरॅडिएट केलेली लागते. एरवी मुलांचा आयटीपी (प्लेटलेट तुटण्याचा असाच स्वप्रतिकारक आजार) अनेकदा आपोआप बरा होतो, म्हणून इथेही थांबून पाहावंसं वाटतं. पण ट्रान्सप्लांटनंतरचा प्रकार चिवट असतो. स्टिरॉइड आणि इम्युनोग्लोब्युलिन पुरे न पडल्यास रिटुक्सिमॅब देतात. नुकतीच रुजलेली प्रतिकारशक्ती पुन्हा दाबायची, हा आक्षेप रास्तच आहे: बी पेशी कित्येक महिने जातात, लसी लांबतात, इम्युनोग्लोब्युलिन बाहेरून द्यावं लागू शकतं. शिवाय अँटिबॉडी ओतणाऱ्या प्लाझ्मा पेशींना हे औषध शिवतही नाही. म्हणून गुण यायला आठवडे लागतात आणि तरीही न आल्यास बोर्टेझोमिबचा विचार होतो.