जाडी मोजायची तर भोक पाडा

आर्क्टिकचा समुद्रबर्फ किती पसरला आहे, हे १९७८च्या अखेरीपासून उपग्रह सांगत आले आहेत. सप्टेंबर २०१२मध्ये तो सुमारे ३४ लाख चौरस किलोमीटरवर आला, तो आजवरचा नीचांक. पण हा बर्फ जाड किती? तो वरून दिसतो, खोली दिसत नाही. त्यासाठी जहाजातून उतरावं लागतं.

खरं तर मोजणी जहाजावरूनच सुरू होते. दर तासाला एक जण डेकवरून बर्फाची नोंद करतो. जहाजाच्या धक्क्याने लादी फुटून कुशीवर उलटली की कडेची जाडी अंदाजे वाचतो. यावर मात्र फार विसंबू नये. बर्फफोड्या जहाजाचा कप्तान सोपी वाट शोधणार, म्हणजे नोंदीत पातळ बर्फच जास्त येणार.

मग शिडी उतरते. बंदूकधारी पहारेकरी ध्रुवीय अस्वलांवर नजर ठेवतो आणि जहाजापासून दूर, न हललेल्या बर्फावर एक सरळ रेघ आखली जाते. रेघेवर सळई खुपसत वरच्या भुसभुशीत हिमाची खोली घेतात. ठरावीक अंतरावर गिरमिटाने पाच-एक सेंटिमीटर रुंदीचं भोक पाडतात. गिरमीट आरपार गेलं की पाणी वर येतं. टोकाला घडीची पट्टी असलेली टेप आत सोडतात. ती खाली उघडते, तळाला अडकते, की आकडा वाचायचा. त्याच भोकात पाणी कुठपर्यंत चढलं, तेही टिपतात.

हा दुसरा आकडा फार महत्त्वाचा आहे. बर्फ पाण्यापेक्षा थोडासाच हलका असल्याने दोन मीटर जाडीचा बर्फ जेमतेम २१ सेंटिमीटर वर राहतो. त्यावर ३० सेंटिमीटर हिम साचलं, तर त्याच्या वजनाने ती उंची १२वर येते. हिम विसरून या १२वरून जाडी काढली, तर दोन मीटरचा बर्फ सव्वा मीटरही भरणार नाही. वरच्या दोन-चार सेंटिमीटरची चूक तळाशी दसपटीच्या आसपास वाढते.

नुसती भोकं पाडून किलोमीटरभर बर्फ मोजून होत नाही. म्हणून घसरगाडीवर विद्युतचुंबकीय यंत्र ओढतात. समुद्राचं खारं पाणी वीज वाहतं, बर्फ जवळजवळ नाही. त्यामुळे यंत्र पाण्यापर्यंतचं अंतर सांगतं. त्यातून हिम वजा केलं की बर्फ उरतो.

शिवाय नळीच्या आकाराचा बर्फाचा नमुना कापून वर काढतात आणि लगेच, दर दहा सेंटिमीटरला तापमान घेतात, कारण बाहेर येताच नमुन्याचं तापमान बदलतं आणि खारट पाणी झिरपायला लागतं. वसईची मिठागरं आठवा: तिथे ऊन पाणी उडवतं आणि मीठ मागे राहतं. इथे थंडी पाण्याचा बर्फ करते आणि मिठाला बाहेर ढकलते. तरी काही मीठ बर्फाच्या पोकळ्यांत अडकून राहतंच.

आपल्याकडे ध्रुवीय संशोधनाचं मुख्य ठाणं गोव्यात, वास्कोला, राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रात आहे. स्वालबार्डमधलं ‘हिमाद्री’ हे तळकेंद्र २००८पासून तेच चालवतं. आकाशातून बर्फाच्या जाडीचा अंदाज घ्यायलाही भारताचा हात लागला आहे. २५ फेब्रुवारी २०१३ला श्रीहरिकोट्यातून इस्रो आणि फ्रेंच अवकाशसंस्थेचा ‘सरल’ उपग्रह सुटला. त्याच्या रडारची लहर हिमाच्या वरच्या थराजवळून परतते. युरोपच्या ‘क्रायोसॅट-२’ची आणखी खोल, बर्फाच्या आसपास पोहोचते. दोहोंतला फरक म्हणजे हिमाची जाडी, असा हिशेब.

हिशेब कितपत बसतो, हे पाहायची संधी २०१९-२०मध्ये मिळाली, तेव्हा ‘पोलारश्टेर्न’ जहाज बर्फात अडकवून वाहत ठेवलं होतं. त्या ‘मोझॅक’ मोहिमेत केरळचे विष्णू नंदन या दोन्ही लहरींचं रडार बर्फावर चालवत होते. हिमात मीठ चढलं असलं, तर लहर मध्येच परतते आणि बर्फ आहे त्यापेक्षा जाड वाटतो. म्हणून रडारच्या आकड्याशेजारी सळईचा आणि गिरमिटाचा आकडाही ठेवावा लागतो.